दगडच का? उत्तराधुनिक कलेत दगडी शिल्पाची जागा

तिरकी रेघ
उत्तराधुनिक कलेनं ज्या ज्या गोष्टींवर संशय घेतला, त्या सगळ्या दगडाच्या अंगाला चिकटलेल्या आहेत: चिरंतनपणा, भव्यता, जेत्यांची स्मारकं, एकाच कलावंताचा 'अस्सल' हात. १९७९ मध्ये कलासमीक्षक रोझालिंड क्राउस यांनी शिल्पकलेच्या विस्तारलेल्या क्षेत्राबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की स्मारकामागचा जुना तर्क एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ढासळू लागला होता. पुढे शिल्प चौथऱ्यावरून उतरलं आणि जमिनीत, इमारतीत, नुसत्या खुणांत पसरलं. मग दगड घडवणाऱ्याचं काय झालं?

आजच्या प्रदर्शनांत दगड दिसतो, पण बहुतेक दोनच तऱ्हांनी. एक तर न घडवलेला धोंडा, नाहीतर गुळगुळीत संगमरवरात केलेली एखादी रोजच्या वापरातली वस्तू. छिन्नीनं आकार शोधत जाणं हा जो मधला सगळा प्रांत होता, तो गेला कुठे?

माझा प्रश्न सरळ आहे. जे शिल्प फायबरग्लासमध्ये तेच सांगू शकतं, ते दगडात का करायचं? 'दगडाला भारदस्तपणा असतो' एवढ्यावर माझं समाधान होत नाही. नेमकं सांगा.

निळी शाई
याची परीक्षा आयती झालेली आहे. मार्क क्विन यांचं 'ॲलिसन लॅपर प्रेग्नंट' घ्या. जन्मतः हात नसलेल्या, गरोदर स्त्रीचं, इटलीतल्या कॅरारा इथल्या संगमरवरातलं शिल्प, साडेतीन मीटरहून उंच. २००५ ते २००७ या काळात ते लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या चौथ्या, वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या चौथऱ्यावर होतं. पुढे याच आकृतीची हवा भरून फुगवलेली प्रचंड प्रतिकृती झाली. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात ती दिसली आणि २०१३ मध्ये व्हेनिसला.

आकृती तीच, पण अर्थ तोच राहिला का? संगमरवरात ती बाई शेजारच्या सेनापतींच्या आणि राजाच्या रांगेत जाऊन बसते, कारण 'वीर' या शब्दाशी जोडलेलं साहित्य तिनं आपल्याकडे घेतलं आहे. हात नसलेली प्राचीन संगमरवरी शिल्पं आपण सुंदर म्हणून बघतो आणि हात नसलेल्या जिवंत माणसाकडे बघायला कचरतो. हा पेच फक्त संगमरवरातच उभा राहतो. हवेच्या फुग्यात ती उत्सवाची खूण होते. तेही चांगलंच आहे, पण ते दुसरं काम आहे.

कोनाडा
+१. मिलानच्या शेअरबाजारासमोरचा, कलावंत मौरित्सिओ कातेलान यांनी केलेला दगडी हातही असाच. २०१० सालचा, कॅरारा संगमरवर, मधलं बोट शाबूत आणि बाकीची तुटलेली. प्लॅस्टिकमध्ये तो नुसता चावटपणा झाला असता. संगमरवरामुळे तो प्राचीन पुतळ्याचा भग्न अवशेष वाटतो, आणि समोरच्या इमारतीच्या दर्शनी भागाशी त्याच इमारतीच्या भाषेत भांडतो.

काळा कातळ
वरच्या दोन्ही प्रतिसादांत दगड म्हणजे अवतरणचिन्ह झालाय. संगमरवर = रोम, ग्रॅनाइट = सरकार. हे खरं आहे पण अर्धंच. दगड स्वतः काय करतो त्याबद्दल बोलू.

संगमरवर म्हणजे एकमेकांत घट्ट बसलेले कॅल्साइटचे स्फटिक. टोकदार छिन्नी पृष्ठभागावर काटकोनात धरून घाव घातला, तर वरचा कपचा उडतोच, पण खाली काही मिलीमीटरपर्यंत स्फटिक आतल्या आत सुटतात. त्या वेळी काही दिसत नाही. पॉलिश चढायला लागलं की दुधी पांढरे ठिपके उमटतात, आणि ते घासून जात नाहीत. जखम जितकी खोल गेली असेल तितकं अख्खं अंग उतरवावं लागतं. गालावर असा एक ठिपका निघाला, की नाक, पापणी, ओठ सगळं दोन-तीन मिलीमीटर मागे न्यावं लागतं.

म्हणून क्रम असा: टोकदार छिन्नी साधारण ४५ ते ६० अंशांत तिरपी धरायची आणि अंतिम पृष्ठभागाच्या सेंटीमीटरभर आधीच खाली ठेवायची. पुढे दातेरी छिन्नी, आणखी तिरपी आणि हलक्या हातानं. शेवटचे मिलीमीटर कानस आणि घासकागदानं.

ग्रॅनाइटला हा क्रम लागू पडत नाही. तो कापला जात नाही, चुरडला जातो. तिथे कार्बाइडचं टोक जवळजवळ काटकोनातच मारावं लागतं. बुश हॅमरनं, म्हणजे दातेरी तोंडाच्या हातोड्यानं, पृष्ठभाग ठेचला तर तोही आत जखमी होतो, पण ग्रॅनाइटमध्ये ती करडी जखम बहुतेकदा तशीच ठेवायची असते.

सांगायचं एवढंच, की प्रत्येक घावाचा हिशेब दगड आत जपून ठेवतो आणि पुढे तो बाहेर काढतो. फायबरग्लासवर चुकलं तर पुट्टी भरा. हा फरक नुसता सांस्कृतिक नाही.

मोजपट्टी
काळा कातळ, प्रतिसाद उत्तम, पण हा युक्तिवाद आज निम्माच लागू होतो. हल्लीची मोठी संगमरवरी शिल्पं बहुतांशी रोबोटच्या हातानं उतरतात. कॅरारा परिसरात हे आता नित्याचं आहे.

मातीचा किंवा प्लॅस्टरचा नमुना स्कॅन करतात, त्रिमितीय जाळी तयार होते. ठोकळा आधी ओला करून बघतात, कारण ओल्या दगडात शिरा आणि बारीक चिरा स्पष्ट दिसतात. मग हातोडीनं जागोजाग वाजवून बघतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत तडा आहे. ही तपासणी आजही माणूसच करतो. त्यानंतर हिऱ्याचं आवरण असलेली हत्यारं आणि सतत पाणी. पहिल्या फेरीत अंतिम आकारावर ५ ते १० मिलीमीटर दगड शिल्लक ठेवतात, दुसऱ्या फेरीत एक-दोन. शेवटी गोल टोकाचं बारीक हत्यार अर्ध्या ते एक मिलीमीटरच्या ओळींनी फिरतं. त्या ओळींमधले वरंबे हातानं घासून काढायचे.

चुका इथेही होतात. हत्यार झिजतं आणि त्याची लांबी पुन्हा मोजली नाही तर शेवटचा भाग जाड राहतो. बोटं, कानाची पाळी, कापडाची कड असे पातळ भाग थरथरून तुटतात. म्हणून त्यांच्यामध्ये दगडाचेच छोटे पूल ठेवतात, आणि ते अगदी शेवटी पातळ हिऱ्याच्या पात्यानं, हातोडा न लावता काढतात. आत वळलेल्या खोल जागी हत्यार पोचतच नाही. तिथे हातच लागतो.

रोबोट दगड घासून काढतो, ठोकत नाही. त्यामुळे तुम्ही सांगितलेले ते दुधी ठिपके पडतच नाहीत. मग 'घावाचा हिशेब' राहिला कुठे?

काळा कातळ
ठोकळा निवडताना, शीर कुठून जाऊ द्यायची ते ठरवताना, आणि त्या पुलांच्या जागा ठरवताना. तुमच्याच प्रतिसादात उत्तर आहे. पातळ भाग शिरेला आडवा आला तर रोबोटही तो वाचवू शकत नाही.

बाकी यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. घासून काढलेल्या पृष्ठभागाला छिन्नीच्या पृष्ठभागासारखी धार मात्र नसते. छिन्नीखाली दगड स्फटिकांच्या कडेनं फुटतो आणि प्रकाश पकडतो, घासलेला मेणासारखा मऊ दिसतो. हे डोळ्यांना लगेच कळतं.

निळी शाई
रोबोट आणि हात यांच्या वादात इतिहास नीट मांडायला हवा. शिल्पकारानं स्वतः दगड फोडायचा हा आग्रह परंपरेचा नाहीच, तो आधुनिकतावाद्यांचा. १८०० च्या आसपासचे इटालियन शिल्पकार कानोवा प्लॅस्टरचा नमुना करत, त्यावर धातूचे बिंदू ठोकत आणि मदतनीस ते बिंदू मोजून दगडात उतरवत. रोदँ यांचे संगमरवर कसबी कारागिरांनी कोरलेले आहेत. ब्रांकुसी आणि त्यांच्या पिढीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेट दगडातच कोरण्याचा पुरस्कार केला, तेव्हापासून हाताला हे पावित्र्य आलं. उत्तराधुनिक कलावंत काम बाहेरून करून घेतो, तेव्हा परंपरा मोडत नाही. मधल्या साठ-सत्तर वर्षांचा अपवाद तो बाजूला ठेवतो.

अपवाद वाईट होता असं मी म्हणत नाही. फक्त तो अपवाद होता.

रेतीघड्याळ
सगळी चर्चा संगमरवराभोवती फिरतेय. धागाकर्त्यांनी 'न घडवलेला धोंडा' असं जरा उडवून लावलंय, तिकडे वळूया. १९६८ च्या आसपास जे झालं ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे दगडानं आकार होणं सोडलं आणि तो क्रिया झाला.

जोव्हानी आन्सेल्मो यांचं १९६८ चं काम बघा. ग्रॅनाइटचा एक उभा, घडवलेला ठोकळा. त्याला तांब्याच्या तारेनं एक छोटा ठोकळा बांधलेला, आणि दोहोंच्या मध्ये ताज्या लेट्यूसची पानं. पानं सुकली की जागा रिकामी होते, तार सैल पडते, छोटा दगड खाली पडतो. शिल्प उभं ठेवायचं तर संग्रहालयाला ते भाजीनं खाऊ घालत राहावं लागतं. आता यात ग्रॅनाइटच्या जागी रंगवलेला थर्माकोल ठेवा. काम संपलं. पडण्याची शक्यता खरी असावी लागते.

त्याच सुमारास जपानमध्ये ली उफान यांनी काचेवर दगड टाकला. काच तडकली, दगड तिथेच राहिला. एवढंच काम, पण त्या तड्यांची नक्षी कुणी आखू शकत नाही.

जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांचे '७००० ओक' तर सगळ्यांना माहीत असतील. १९८२ च्या डॉक्युमेंटात, म्हणजे जर्मनीतल्या कासेलच्या मोठ्या कलाप्रदर्शनात, तिथल्या संग्रहालयासमोर बेसाल्टच्या ७००० खांबांचा ढीग रचला. एक झाड लागलं की एक दगड ढिगातून उचलून त्या झाडाशेजारी उभा करायचा. ढीग म्हणजे उरलेलं काम, डोळ्यांसमोर. बॉइस १९८६ मध्ये गेले, शेवटचं झाड १९८७ मध्ये लागलं. दगड तेवढाच राहतो, शेजारचं झाड वाढत जातं, आणि दोघांतलं प्रमाण दर वर्षी बदलतं.

अभ्रक
@रेतीघड्याळ, फार सुरेख. बॉइस यांचंच 'विसाव्या शतकाचा अंत' (१९८३-८५) यात जोडतो. बेसाल्टच्या प्रत्येक खांबाच्या एका टोकाला शंकूच्या आकाराचा तुकडा कोरून काढला, खळ्याला माती आणि नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर दिलं आणि तोच तुकडा परत बसवला. जखम करून मलमपट्टी करावी तसं. कोरीवकाम इथे आहे, पण फक्त एका खळ्यापुरतं. तिरकी रेघ यांना तो 'मधला प्रांत' इथे सापडेल.

उलरिच र्‍यूकरीम यांचं कामही तिथलंच. दगड पाचरांनी फोडायचा आणि फुटलेले तुकडे मूळ जागी परत रचायचे. छिद्रांच्या अर्ध्या नळ्या कडेला दिसत राहतात, म्हणजे काय केलं ते सगळं उघड.

पाचरांनी फोडण्याची रीत ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हव्या त्या रेषेत साधारण १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर छिद्रं पाडायची. प्रत्येकात अर्धगोल लोखंडी पट्ट्यांची जोडी आणि मध्ये पाचर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरेवर सारखाच घाव, मग परत पहिलीपासून. पाचर घट्ट होत गेली की आवाज वर चढतो. सगळ्यांचा सूर एक झाला की थांबायचं. घाई करून एकाच पाचरेवर जोर दिला तर तडा रेषा सोडून बाजूला पळतो. चांगला दगड बऱ्याचदा घाव थांबल्यावर, मिनिटा-दोन मिनिटांनी आपणहून उघडतो.

कोनाडा
आपणहून उघडतो हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे इमारतींचा विषय म्हणून जरा आडवळण घेतो.

'उत्तराधुनिक' हा शब्द आधी रुळला तो वास्तुकलेत, आणि तिथे दगड म्हणजे कातडी. १९८४ चा न्यूयॉर्कचा एटी अँड टी टॉवर आत पोलादी सांगाडा, बाहेर गुलाबी ग्रॅनाइट. दगड काही उचलून धरत नाही, फक्त दगडी इमारतीची आठवण धरून ठेवतो. याला दगड चालतो, पण पातळ दगड सूड उगवतो. हेलसिंकीच्या फिनलांडिया सभागृहावर कॅरारा संगमरवराच्या पातळ लाद्या होत्या. त्या बशीसारख्या वाकल्या आणि १९९० च्या दशकात बदलाव्या लागल्या. शिकागोच्या एका उंच मनोऱ्यावरचा सगळा संगमरवर काढून तिथे ग्रॅनाइट लावला गेला.

कारण सोपं आहे. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेनं फुगतो आणि दुसऱ्या दिशेनं किंचित आकसतो. ऊन-थंडीच्या हजारो फेऱ्यांत शेजारचे स्फटिक एकमेकांपासून सुटतात. लादी वाकते, आणि बाहेरच्या पुतळ्यांचा पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरीत होतो. त्यात आम्लयुक्त पाऊस पडला की कॅल्शियम कार्बोनेटचं जिप्सम होतं आणि बारीक कोरीव आधी जातं. संगमरवर चिरंतन आहे हा गैरसमज घराच्या आतच शोभतो.

मोजपट्टी
पृष्ठभागाचा विषय निघालाच आहे, तर माया लिन यांचं व्हिएतनाम स्मारक (वॉशिंग्टन, १९८२) यायलाच हवं. काळा दगड बंगळूर परिसरातला. घासून आरशासारखा केलेला, आणि त्यावर ५८ हजारांहून जास्त नावं. काळ्या दगडाच्या पॉलिश केलेल्या भागात प्रकाश सरळ परततो, म्हणून तो काळाभोर दिसतो. वाळूच्या झोतानं कोरलेल्या अक्षरांत स्फटिक फुटलेले असतात, तिथे प्रकाश विखुरतो आणि अक्षर करडं दिसतं. रंगाचा थेंब नाही. नाव वाचणारा स्वतःचा चेहरा त्याच नावामागे बघतो.

असं पॉलिश करायचं असेल तर ६०, १२०, २२०, ४००, ८००, १५००, ३००० या पायऱ्या (आकडा मोठा तितका घासकागदाचा दाणा बारीक), सगळ्या पाण्यातून. एकही गाळायची नाही. ६० चा ओरखडा २२० वर दिसत नाही, ८०० वर अचानक उगवतो, आणि मग परत पहिल्या पायरीवर जावं लागतं. प्रत्येक पायरीनंतर दगड पूर्ण सुकवून, दिवा खाली आडवा धरून बघायचा. ओला दगड नेहमी खोटं बोलतो.

ओळंबा
कलेच्या अर्थाइतकंच वजनाबद्दलही बोला. एक घनमीटर संगमरवर २.७ टन, बेसाल्ट जवळपास ३ टन. दालनाची जमीन दर चौरस मीटरला ५०० किलो पेलणारी असेल, तर तो एक घनमीटर किमान साडेपाच चौरस मीटरवर पसरवावा लागतो. खाली पोलादी तुळया, त्याही जमिनीच्या तुळयांना आडव्या, आणि आकडेमोड अभियंत्याकडून. उचलायला साखळी नको, रुंद पट्टे आणि कोपऱ्यांवर जाड नमदा. दोन पट्टे आडव्या रेषेशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. ३० अंशांवर उतरले की प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा. हातभर उचलून थांबायचं, कलतोय का बघायचं, मग पुढे.

अमेरिकन कलावंत मायकल हायझर यांच्या 'लेव्हिटेटेड मास' या धोंड्याच्या शिल्पाची गोष्ट इथूनच समजते. पहिला प्रयत्न १९६९ मध्ये १२० टनांच्या धोंड्याचा, त्यात क्रेनचा दांडाच तुटला. शेवटी २०१२ मध्ये ३४० टनांचा ग्रॅनाइट लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात पोचला, ११ रात्रींचा प्रवास करून. लोक रस्त्याच्या कडेला रात्री जागून बघत होते. तो प्रवास कामाचाच भाग झाला.

रेतीघड्याळ
हायझर यांच्यावरून 'डबल निगेटिव्ह' (१९६९) आठवलं. नेवाडातल्या पठाराच्या कडेला दोन समोरासमोर खाचा, २ लाख ४० हजार टन खडक-माती हलवून. शिल्प म्हणजे जे काढलं ते. वेरूळच्या कैलासातही बेसाल्टचा डोंगर वरून खाली काढत नेला, पण तिथे मागे मंदिर उरलं. हायझर यांनी पोकळीच ठेवली. अनिश कपूर यांचं १९८९ चं 'व्हॉइड फील्ड' या दोहोंच्या मध्ये येतं: वालुकाश्माचे ओबडधोबड ठोकळे, प्रत्येकाच्या माथ्यावर एक लहानसं काळं वर्तुळ. जवळ गेल्यावर कळतं की ते भोक आहे, आतून गडद रंगद्रव्य लावलेलं, आणि त्याला तळच दिसत नाही. दगड इतका जड, आणि आत काहीच नाही.

अभ्रक
अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रॅनाइट किंवा वालुकाश्म कोरडा कापू नका. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश क्वार्ट्झ असतं, काही वालुकाश्मांत ९० टक्क्यांवर. त्याची न दिसणारी धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पाण्याखाली कापणं, धूळ ओढणारं यंत्र, आणि चेहऱ्याला चिकटून बसणारा एफएफपी३ दर्जाचा, बारीक धूळ अडवणारा मास्क. दाढी असेल तर मास्क बसत नाही. कपडे झटकायचे नाहीत, ओल्यानं पुसायचे. कृत्रिम क्वार्ट्झ लाद्या सगळ्यात घातक, ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यांवर बंदी घातली. शुद्ध संगमरवरात हा धोका बराच कमी, तरी मास्क हवाच.

काळा कातळ
अभ्रक यांच्या प्रतिसादाला शंभर वेळा +१. हे अवांतर नाही.

तिरकी रेघ
सगळ्यांचे आभार. 'न घडवलेला धोंडा' हे माझे शब्द मी मागे घेतो, आन्सेल्मो यांच्या भाजीनं हरवलं मला.

मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या उदाहरणांत दोन वेगळी उत्तरं आहेत. क्विन आणि कातेलान यांच्याकडे दगड म्हणजे आधीच ठरलेला अर्थ. आन्सेल्मो, र्‍यूकरीम, ली उफान यांच्याकडे दगडाचा स्वभाव: वजन, फुटणं, न बदलणं. दोन्ही एकाच कामात असलेलं उदाहरण आहे का?

निळी शाई
इटालियन शिल्पकार जुझेप्पे पेनोने यांचं 'नदी होणं', १९८१. त्यांनी नदीतला एक गोटा घेतला. मग वरच्या अंगाला डोंगरात जाऊन त्याच जातीचा दगड काढला आणि तो कोरून हुबेहूब त्या गोट्यासारखा केला. दोन्ही दगड शेजारी ठेवले. एक पाण्यानं घडवलेला, एक छिन्नीनं. मूळ कोण आणि नक्कल कोण हा उत्तराधुनिकांचा आवडता प्रश्न, पण विचारलाय तो दगडालाच. नदीला लागलेला काळ आणि कोरायला लागलेला काळ दोन्ही पृष्ठभागात आहेत. फायबरग्लासच्या साच्यातून दुसरा गोटा तासाभरात निघाला असता आणि दोघांत बघण्यासारखं काही उरलं नसतं.

काळा कातळ
आणि गंमत म्हणजे रोबोटनं आज तो गोटा जास्त अचूक उतरवला असता, पण काम निकामी झालं असतं. तिथे नदीची जागा हातानंच घ्यायची होती.

तिरकी रेघ
हे पटलं. आता व्यवहाराचं एक विचारतो. फोडून परत रचलेला, दोन तुकड्यांचा उभा दगड उघड्यावर ठेवायचा असेल तर वरचा तुकडा कशानं धरायचा?

ओळंबा
स्टेनलेस स्टीलचा दांडा, ३१६ दर्जाचा. साधं लोखंड अजिबात नको, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. मीटर-दीड मीटर उंचीच्या दगडाला १६ ते २० मिलीमीटर जाडीचे दोन दांडे, प्रत्येक बाजूला १० ते १५ सेंटीमीटर आत. एकच दांडा असेल तर वरचा तुकडा फिरू शकतो. दांडे कडेपासून निदान ८ सेंटीमीटर आत ठेवा. छिद्र दांड्यापेक्षा ४ मिलीमीटर रुंद पाडा, आतली भुकटी ब्रशनं आणि हवेनं काढा. ती राहिली तर इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं चिकटद्रव्य) दगडाला न धरता भुकटीलाच धरतं. आधी कोरडं बसवून बघा. मग खालच्या छिद्रांत इपॉक्सी भरून दांडे ओळंब्यात उभे करा आणि एक दिवस जाऊ द्या. वरच्या छिद्रांत इपॉक्सी दोन तृतीयांशच भरा, नाहीतर ते फटीतून बाहेर येऊन फुटलेल्या कडेवर डाग पडतो, आणि सच्छिद्र दगडावरचा तो डाग निघत नाही. तळाशी पाणी साचू देऊ नका, खाली खडीचा थर द्या.

अभ्रक
फट मात्र भरू नका. ती दिसायला हवी.